गावात थांबा की गाडीला बांधलेली बस? उत्तर गोव्यातील एका मागणीचा प्रकरण अभ्यास

गाव, कारखाने आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत आणि गाड्यांच्या वेळा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. रुळाची आणि वाहतुकीची बाजू मात्र आहे तशीच मांडली आहे.

पार्श्वभूमी

गोव्यात रेल्वेच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही गोंयकारांच्या रोजच्या येण्याजाण्यासाठी बांधलेल्या नाहीत. जुनी वाट १८८० च्या दशकातली. मुरगाव बंदरातला माल घाटावर नेण्यासाठी पोर्तुगीज काळात टाकलेला तो मीटरगेज मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला आणि आज दक्षिण पश्चिम रेल्वेकडे आहे. वास्को, माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे अशी तिची स्थानके. दुसरी वाट कोकण रेल्वेची. रोहा ते ठोकूर हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. त्यातले सुमारे १०५ किलोमीटर गोव्यात आहेत: पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण. तिचा हेतू मुंबई आणि मंगळूर जोडण्याचा होता. त्यामुळे म्हापशाला जायचे तर थिवीला उतरायचे आणि पणजीला जायचे तर करमळीला, आणि दोन्हीकडे पुढे दहा-अकरा किलोमीटर रस्त्याने.

प्रकरणातले गाव उत्तर गोव्यात, कोकण रेल्वेच्या दोन स्थानकांच्या मध्ये आहे. रूळ गावच्या शेतांना चिकटून उंच भरावावरून जातो. गाड्या दिवसभर डोळ्यांसमोरून धावतात, थांबतात मात्र सहा किलोमीटरवरच्या स्थानकात. गावातली आणि शेजारच्या वाड्यांवरची बरीच मंडळी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत, काही मडगावच्या दुकानांत आणि कार्यालयांत. बहुतेकांचा प्रवास दुचाकीने: म्हापसा, पर्वरी, पणजीची वेस, झुआरी पूल, वेर्णा. डिसेंबर २०२२ मध्ये नवा झुआरी पूल वाहतुकीला खुला झाल्यावर तिथली कोंडी सुटली. मग पर्वरीच्या उन्नत मार्गाचे काम निघाले आणि कोंडी पर्वरीला येऊन बसली. हाच टापू गाडीने गेल्यास मांडवी आणि झुआरी दोन्ही नद्या रेल्वे पुलांवरून ओलांडून माणूस पणजीच्या गर्दीला न शिवता वेर्ण्याला उतरतो.

समस्या

गावातल्या प्रवासी समितीने पंचायतीचा ठराव जोडून पहिले पत्र दिले. मागण्या दोन होत्या: गावात पॅसेंजर गाडीला थांबा द्यावा, आणि सकाळी वेर्ण्याकडे एक जादा गाडी सोडावी. रूळ दारात आहे, मग गाडी मिनिटभर थांबायला काय हरकत, हा लोकांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

उत्तर यायला बराच काळ गेला आणि ते नकारार्थी होते. समितीने इथे पहिली शहाणपणाची गोष्ट केली. नकारावर मोर्चा काढण्याआधी तिने कारणे समजून घेतली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका वाहतूक निरीक्षकांना पंचायतघरात बोलावले आणि रुळाचा प्रश्न कागदावर मांडून घेतला. त्या बैठकीत जे निघाले ते असे.

रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर कोकण रेल्वे एकेरी आहे. दोन स्थानकांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असते. समोरून येणारी गाडी पुढच्या स्थानकात बाजूच्या रुळावर, म्हणजे लूपमध्ये, उभी राहते. अशा मार्गावर दिवसाला किती गाड्या बसतात हे काढायला रेल्वेत स्कॉटचे सूत्र वापरतात. समजा, दोन स्थानकांमधले अंतर कापायला सगळ्यात सावकाश गाडीला १६ मिनिटे लागतात आणि सिग्नल व परवानगीच्या देवघेवीत ५ मिनिटे जातात. दिवसाची १,४४० मिनिटे भागिले २१ म्हणजे साडेअडुसष्ट. त्याच्या ७० टक्के धरायचे, कारण दुरुस्तीला रूळ मोकळा लागतो आणि उशीर झाल्यास सावरायला जागा लागते. आले ४८. दोन्ही दिशांच्या मिळून एवढ्याच गाड्या. लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या, ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो गाड्या, सणासुदीच्या जादा गाड्या सगळ्या त्यातच. शिवाय सकाळी आठच्या सुमाराची वाट, म्हणजे गाडीला रुळावर मिळणारी वेळ, सगळ्यांनाच हवी असते.

आता थांब्याचा खर्च वेळेत मोजू. ताशी ९० किलोमीटरने धावणारी आठ डब्यांची मेमू, म्हणजे विजेवरची पॅसेंजर गाडी, थांबवायला साधारण ५० सेकंद लागतात आणि पुन्हा त्याच वेगावर यायला त्याच्या जवळजवळ दुप्पट. न थांबता गेली असती त्या तुलनेत यातच सव्वा मिनिट जाते. चढउतारासाठी एक मिनिट धरले की सव्वादोन मिनिटे झाली. आकडा लहान दिसतो, पण एकेरी मार्गावर तो तिथेच थांबत नाही. गावातल्या थांब्याला लूप नसल्यामुळे तेवढा वेळ मधला सगळा रूळ अडलेला राहतो. पुढच्या स्थानकात समोरची एक्सप्रेस न थांबता निघणार असेल, तर या सव्वादोन मिनिटांपायी तिला लूपमध्ये घ्यावे लागते. लूपमध्ये शिरताना वेग साधारण ताशी ३० पर्यंत उतरवावा लागतो, मग थांबायचे, मग पुन्हा वेग घ्यायचा. तिची पाच-सात मिनिटे जातात आणि तिच्यामागचे वेळापत्रक हलते.

दुसरी अडचण जमिनीची. कोकण रेल्वेचा ठरवलेला कमाल चढ १५० मीटरला १ मीटर आहे. गावाजवळचा एकुलता एक सरळ तुकडा नेमका त्याच चढावर आहे. स्थानकाच्या हद्दीत मात्र उतार ४०० ला १ पेक्षा तीव्र नसावा असा दंडक आहे, आणि १,२०० ला १ इतका सपाट असावा अशी शिफारस. उभी गाडी घरंगळू नये हे त्यामागचे कारण. भर घालून रूळ सपाट करायचा तर पुढचामागचा सगळा उतार बदलावा लागतो. त्यातही भराव खाजन जमिनीच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, कडेला आहे. आठ डब्यांसाठी निदान दोनशे मीटरचा फलाट लागतो, म्हणून तेवढ्या लांबीत भराव रुंद करायचा. खालच्या चिखलमातीवर नवी भर जुन्या भरावापेक्षा जास्त दबते, दोहोंच्या जोडावर भेग पडते आणि पावसाचे पाणी तिथून आत शिरते. चालू रुळाच्या कुशीत हा धोका कोणताही अभियंता सहजासहजी पत्करणार नाही.

तपासलेले पर्याय

समितीने चार पर्याय मांडले.

थांब्याचाच आग्रह धरून राजकीय वजन वापरणे हा पहिला. गोव्यात तो लोकप्रिय मार्ग आहे. पण उतार आणि चिखलमाती आमदारांच्या चिठ्ठीने बदलत नाही. वरून मंजुरी मिळाली तरी असे काम बहुधा ठेव-काम म्हणून होते, म्हणजे मागणाऱ्या पक्षाने पूर्ण खर्च आधी भरायचा. पंचायतीच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती.

दुसरा पर्याय क्रॉसिंग स्थानकाचा, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील असे नवे स्थानक: दोन्ही टोकांना गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे, मालगाडी मावेल अशी सुमारे साडेसातशे मीटरची लूप, सिग्नल, आणि मग फलाट. आमच्या मते गोव्याच्या रोजच्या रेल्वे प्रवासाला खरी गती याच कामाने येईल. २१ मिनिटांचा टप्पा मधोमध तोडला तर प्रत्येक अर्ध्याला आठ मिनिटे धाव आणि पाच मिनिटे देवघेव, म्हणजे १३. त्याच सूत्राने क्षमता ४८ वरून ७७ वर जाते, अर्थात शेजारचे टप्पेही तेवढेच मोकळे झाले तर. पूर्ण दुपदरीकरण हा त्यापुढचा टप्पा. गोव्यात तो विषय जुन्या मार्गावरच्या कोळसा वाहतुकीत अडकला आहे. घाटातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. कोकण रेल्वेचा मार्ग वेगळा असला तरी दुपदरीकरण म्हटले की गावसभेत कोळशाचा प्रश्न पहिला येतो. गावापुरते बोलायचे तर क्रॉसिंग स्थानक ही काही वर्षांची वाट होती, आणि जागा सपाट तुकड्यावरच, म्हणजे गावापासून लांब मिळाली असती.

तिसरा पर्याय सहा किलोमीटरवरच्या स्थानकापर्यंत जोडबस आणि वेर्ण्याला उतरल्यावर कारखान्यापर्यंत दुसरी बस. चौथा, रेल्वे विसरून कारखान्यांच्या बसगाड्या वाढवणे. हा सर्वात सोपा होता, पण त्या बसही पर्वरीतच अडकणार होत्या.

पालखीसारखी अधांतरी गाडी गोव्यात आणावी असेही कुणी सुचवले. मडगावात कोकण रेल्वेने स्कायबसचा सुमारे १.६ किलोमीटरचा चाचणी मार्ग उभारला होता. सप्टेंबर २००४ मधल्या अपघातात एक कर्मचारी गेला, आणि पुढे तो सांगाडाही उतरवला गेला. समितीने ही चर्चा दहा मिनिटांत आटोपली, ते बरेच केले.

निर्णय आणि कृती

समितीने तिसरा पर्याय लगेच हाती घेतला आणि दुसरा लेखी मागणी म्हणून जिवंत ठेवला. इथला कळीचा निर्णय असा: जादा गाडी न मागता, आहे त्या सकाळच्या गाडीभोवती बाकी सगळे हलवायचे. गाडी वेर्ण्याला ८ वाजून ५ मिनिटांनी पोचत होती, कारखान्यांची जनरल पाळी ८ ला सुरू होत होती. रेल्वेची वाट दहा मिनिटे अलीकडे आणायची तर सगळ्या कोकण मार्गाचे वेळापत्रक हलते. तीन कारखान्यांची पाळी ८:३० ला न्यायची तर तीन व्यवस्थापकांची संमती पुरते. ती मिळाली.

बस लावताना परवान्याचा पेच आला. कंत्राटी वाहतुकीचा परवाना असलेली खाजगी मिनीबस वाटेत माणूस चढवून तिकीट फाडू शकत नाही, त्यासाठी टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो. म्हणून करार कारखान्यांनी मिळून बसमालकाशी केला, कामगारांचा वाटा पगारातून कापून घेतला आणि प्रवाशांची यादी बसमध्ये ठेवली. कायद्याने हे चोख होते. पण त्यामुळे मडगावला दुकानात काम करणाऱ्या मुली आणि कॉलेजची पोरे या बसबाहेर राहिली. त्यांच्यासाठी गावातून स्थानकावरून जाणाऱ्या नेहमीच्या प्रवासी बसची वेळ पुढेमागे करून घ्यावी लागली, आणि ती बस आजही गाडीची वाट पाहत नाही.

स्थानकावर बस कुठे उभी करायची हाही प्रश्न झाला. आवारात टॅक्सी आणि रिक्षावाल्यांचा ठरलेला थांबा आहे. समितीतल्या दोघा ज्येष्ठांनी त्यांच्याशी बसून बोलणी केली. बस फाटकाबाहेर पंचायतीच्या रस्त्यावर उभी राहील, उशिराच्या गाडीने येणारे आणि यादीबाहेरचे प्रवासी रिक्षा आणि पायलटांचे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांचे. हे आधी ठरवले नसते तर पहिल्याच आठवड्यात खटका उडाला असता.

पावसाळ्यात सगळ्याचा कस लागला. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर ठेवले गेले. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की गाडी ताशी ४० ने चालवायची असा नियम आहे. बारा किलोमीटरचा टप्पा ९० च्या वेगाने आठ मिनिटांत होतो, ४० ने अठरा. असे तीन टप्पे आले की अर्धा तास गेला. तारीख आधीपासून माहीत असूनही बसचे छापील वेळापत्रक जुनेच राहिले. दोन सकाळी बस स्थानकात पोचली तेव्हा गाडी निघून गेली होती. त्यापेक्षा वाईट संध्याकाळी घडले. गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली आणि बसचालक वेळ झाली म्हणून रिकामी बस घेऊन निघून गेला. भर पावसात फाटकाबाहेर छत्र्या घेऊन उभी राहिलेली माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा दुचाकीवर गेली.

त्यानंतर बसच्या पुढच्या काचेला आतून एक कार्ड चिकटवले गेले. चालकाला उद्देशून त्यावर चार ओळी होत्या: सकाळी गाडीच्या वेळेआधी बारा मिनिटे स्थानकात. संध्याकाळी घड्याळ नव्हे, गाडी पाहायची. निघण्याआधी मोबाइलवर गाडी कुठे आहे ते पाहायचे. पाऊण तासापेक्षा जास्त उशीर दिसला तर समितीच्या तात्यांना फोन करून मगच निघायचे. जादा थांबण्याचा मोबदलाही करारात लिहिला, ताशी दराने. मोबदला न लिहिता चालकाच्या चांगुलपणावर सोडले असते, तर पहिल्या दोन-तीन उशिरांनंतर कार्ड फक्त चिकटलेले राहिले असते. कारखान्यांनीही हजेरीत वीस मिनिटांची सूट मान्य केली, पण ती यादीतल्या गाडीच्या प्रवाशांनाच आणि पावसाळी वेळापत्रक असेपर्यंत.

रात्रीच्या पाळीला रेल्वे वापरायची नाही हेही समितीने स्पष्ट ठरवले. दहाला सुटणाऱ्या बायकांना घरी नेणारी सोयीची गाडी नाही आणि रात्री निर्जन स्थानकावर त्यांनी उतरावे असे कुणीही सुचवू नये. त्यांच्यासाठी कारखान्याची दारापर्यंतची बस कायम राहिली. पहिल्या चर्चेत खर्च वाचवण्यासाठी तीही बंद करण्याचा विचार झाला होता. एका सुपरवायझर बाईंनी तो ठामपणे हाणून पाडला.

काय साधले, काय राहिले

सकाळची जोडबस टिकली आहे. दुसरी, संध्याकाळची उशिराची बस प्रवासी न मिळाल्याने बंद झाली. जे टिकले त्यांचा कल साधारण सारखा दिसतो: चाळिशीपुढचे, पर्वरीच्या धुळीला कंटाळलेले, आणि ज्यांच्या घरात एकच दुचाकी आहे असे. तरुण पोरे हिवाळ्यात पुन्हा मोटरसायकलवर गेली. मोठा विरोधाभास पावसाचा. पाऊस लागला की प्रत्येकाला गाडी हवी असते, आणि नेमकी तेव्हाच गाडी सर्वात सावकाश धावते.

मासिक पासाचा घोळ अजून मिटलेला नाही. पास अनारक्षित डब्यापुरता चालतो. पॅसेंजर उशिरा आहे असे दिसले की काहीजण मागून आलेल्या एक्सप्रेसच्या आरक्षित डब्यात शिरतात आणि दंड भरतात. समितीने पासाचे नियम मराठीत लिहून वाटले, त्याने प्रकार कमी झाला, थांबला नाही. वास्कोला जाणाऱ्यांच्या पदरी काहीच पडले नाही. त्यांना माजोर्डा किंवा मडगावला गाडी बदलावी लागते. दोन गाड्या दोन वेगळ्या रेल्वेंच्या आणि एकीने दुसरीसाठी थांबावे अशी कोणतीही व्यवस्था नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिले पत्र थांब्याऐवजी प्रवासी संख्येचे असायला हवे होते. समितीने मोजणी नकारानंतर केली: स्थानकात कोण कुठून येतो, कुठे उतरतो, किती वाजता कामावर पोचायचे असते. हे कागद आधी जोडले असते तर रेल्वेशी बोलणे सकाळच्या एका वाटेवर सुरू झाले असते. उताराची माहिती मिळवायलाही वेळ लागायचे कारण नव्हते. रुळाच्या कडेला उताराचे फलक असतात, आणि भरावाजवळच्या रस्त्यावरून ते वाचता येतात. रुळावर जायची गरज नाही, जाऊही नये.

पावसाळ्याची तालीम मे महिन्यात व्हायला हवी होती. नवे वेळापत्रक हाती आले की जोडबसचा, वेर्ण्याच्या बसचा आणि हजेरीचा तक्ता एकाच कागदावर बदलावा आणि तो कागद चालक, फाटकावरचा सुरक्षारक्षक आणि प्रवासी या तिघांकडे एकाच दिवशी पोचावा. दुसऱ्या वर्षी समितीने तसे केले आणि बदलाच्या दिवशी कुणाची गाडी चुकली नाही.

यादीबाहेरच्या प्रवाशांचा विचार बस ठरवण्याआधी झाला पाहिजे होता. कारखान्यांच्या पैशावर उभी राहिलेली सोय कारखान्यांपुरतीच राहते. सुरुवातीलाच टप्पा परवाना असलेल्या बसमालकाशी बोलणी केली असती तर मडगावच्या मुलीही त्याच बसमध्ये बसल्या असत्या. परवान्याचा अर्ज आता दिला आहे.

क्रॉसिंग स्थानकाच्या मागणीसोबत समितीने यंदा उशिराची वही जोडली आहे. गाडी स्थानकात किती वाजता आली, किती मिनिटे उशिरा, आणि बाहेर समोरच्या कोणत्या गाडीसाठी थांबवली होती, हे सकाळ-संध्याकाळ लिहिले जाते. एका हंगामाची वही झाली आहे. सर्वाधिक उशीर एकाच दोन स्थानकांमधल्या टप्प्यात होतो असे त्यातून दिसते, आणि नवे क्रॉसिंग त्याच टप्प्यात मागितले आहे, गावापासून चार किलोमीटरवर.